दहा यमराजांचा दरबार ताओवादी म्हणायचा का?

शाईदौत (धागालेखक)
चिनी परलोकाविषयी मराठीत कुणी लिहायला बसलं की मृतांचा न्याय करणाऱ्या दहा राजांचे दरबार, बैलमुखी आणि घोडमुखी शिपाई, उकळत्या तेलाच्या कढया एवढंच येतं आणि वर शीर्षक 'ताओवादी नरक', म्हणजे चीनमध्येच जन्मलेल्या ताओ धर्माचा. मला हे साफ नामंजूर आहे. पाचव्या दरबारातला यानलुओ म्हणजे आपलाच यम, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. दहा राजांचं सूत्रही बौद्धच, त्याच्या दहाव्या शतकातल्या प्रती वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहांत मिळाल्या.

ताओवाद्यांची स्वतःची व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीची. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस या पंथाचे लोक आजाऱ्याचं नाव आणि अपराधांची कबुली तीन प्रतींत लिहीत. एक प्रत डोंगरावर ठेवायची, दुसरी जमिनीत पुरायची, तिसरी पाण्यात बुडवायची. आकाश, भूमी आणि जल यांच्या तीन अधिकाऱ्यांकडे जाणारे हे अर्ज. पुढे पाचव्या शतकाच्या शेवटी ताओवादी विद्वान थाओ होंगचिंग यांनी संकलित केलेल्या ग्रंथात मृतांचं राज्य लुओफंग डोंगरावर आहे: उंची 2600 ली (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर), घेर 30,000 ली, सहा महाल. हा डोंगर उत्तरेला आहे. आपला यम दक्षिणेचा. दिशासुद्धा जुळत नाही!

पिंपळपान
उगम बौद्ध म्हणून मालकी कायमची बौद्ध, हा न्याय मला पटत नाही. सातवा राजा पाहा: ताईशान. मेलेला माणूस ताईशान पर्वताखाली जातो ही समजूत हान काळापासूनची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, तिथल्याच मातीतली. वेळापत्रकही तपासा. दर सातव्या दिवशी एक याप्रमाणे 49 दिवसांत सात दरबार, मग शंभरावा दिवस, वर्षश्राद्ध आणि तिसरं वर्ष. साताचा हिशोब बौद्धांचा, शेवटचे तीन टप्पे चिनी सुतकाच्या रिवाजातले. ताओवादी विधिग्रंथांनी दहाही राजांना आपल्या पदव्या दिल्या आणि सर्वांवर ताईयी हा दुःखहर्ता देव बसवला. इतकं केल्यावर ते उसनं कसं राहील?

शाईदौत
पदवी बदलली म्हणून कामाची रीत बदलत नाही. बौद्ध दरबारात कर्म तोललं जातं. ताओवादी कचेरीत कागद चालतो. थडग्यात पुरलेली जमीनखरेदीची खतं घ्या. मृतासाठी पाताळाच्या अधिकाऱ्यांकडून जागा विकत घेतलेली, किंमत बहुधा 99,999 नाणी, चतुःसीमा लिहिलेल्या, साक्षीदारांची नावं. खत नसेल तर मृत तिथे उपरा ठरतो आणि त्याचा जाच मागच्यांना होतो. यात पापपुण्याचा प्रश्नच नाही.

कंदील
नुसत्या कागदानं काम भागतं, हे मला अपुरं वाटतं. कागद लागतो हे खरं, आणि त्यात चुकतंही बरंच. पुरोहित जाळतो त्या अर्जात मृताचं नाव, जन्म-मृत्यूची वेळ आणि गाव-घरापर्यंतचा पत्ता लागतो. मृतासाठी कागदी पैसे जाळून पाठवताना पुडक्यावर नाव घालायचं राहिलं, तर ते भटकी भुतं पळवतात अशी समजूत आहे. म्हणून त्यांच्यासाठी बाजूला वेगळा छोटा ढीग जाळतात. जळत असताना काठीनं ढवळायचं नाही, नोटा फाटून पोचतात.

पण अर्ज पोचला तरी आत्मा कोठडीतच असतो. हाँगकाँगमधला नरक फोडण्याचा विधी बघा: मधे अग्नी, भोवती नऊ कौलं, म्हणजे नऊ अंधारकोठड्या. पुरोहित फेरे घेत तलवारीच्या टोकानं एकेक कौल फोडतो, तोंडातली दारू अग्नीवर फवारतो, ज्वाळा उसळते. त्याहून मोलाचा मला सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) बहरलेला शुद्धिविधी वाटतो. त्यात मृताचा आत्मा पाण्यात धुतात, अग्नीत तावून काढतात आणि त्याला नवा देह घडवतात. हे कर्माचं तराजूही नाही आणि कचेरीतला शिक्काही नाही. ताओवाद्यांचं खरं वैशिष्ट्य शोधायचं तर ते इथे आहे, आणि आपल्याकडे यावर कुणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

पिंपळपान
कंदील, हे माझ्याच बाजूचं झालं. दहा दरबार मान्य असल्याशिवाय आत्म्याला सोडवायचं कुठून?

कंदील
नाही. फुटणारी कौलं नऊ आहेत, दहा नाहीत. आठ दिशा आणि मध्य. ही रचना दहा राजांवर उभी नाही. विधी करणाऱ्या घरात दहा राजांची चित्रं टांगलेली असतात, हे मात्र मान्य.

शाईदौत
माझा मुद्दा पंचांगातही टिकतो. सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, जिला सगळे भुतांचा सण म्हणतात, ती ताओवाद्यांच्या लेखी भूमी-अधिकाऱ्याचा जन्मदिवस आहे. अपराधांना माफी देणारा तो. पहिल्या महिन्याची पौर्णिमा आकाशाची, दहाव्याची जलाची. त्या तीन प्रती ज्यांच्याकडे जात तेच हे तिघे. सिंगापूरच्या मराठी मंडळींनी तिथल्या हॉ पार व्हिला या उद्यानातले दहा दरबारांचे देखावे जरूर बघावेत, पण त्या पौर्णिमेला एखाद्या ताओ मंदिरातही जावं. तिथे पूजा कुणाची चालते ते बघा आणि मग इथे लिहा.