शेंगेन व्हिसाचे शुल्क नेमके किती? एजंटने सांगितलेला आकडा जुळत नाही

फोंडेकर (प्रश्न)

नमस्कार. माझी बहीण लग्नानंतर लिस्बनला स्थायिक झाली असून भावोजींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि आई असे चौघेजण त्यांच्याकडे जाण्याच्या विचारात आहोत. मध्ये चार दिवस इंग्लंडमध्ये स्विंडनला मावशीकडे जाऊन पुन्हा लिस्बनला परतायचे आणि तिथूनच गोव्याला यायचे, असा बेत आहे.

पणजीत एका ट्रॅव्हल एजंटकडे चौकशी केली असता त्याने पोर्तुगालसाठी "व्हिसा फी माणशी २२,००० रुपये, मल्टिपल एंट्री हवी असेल तर आणखी ४,०००" असे तोंडी सांगितले. मुलासाठीही हाच आकडा. तपशील विचारला तर "सगळे त्यात आले" एवढेच उत्तर मिळाले. माझ्या वाचनाप्रमाणे शेंगेन व्हिसाचे (पोर्तुगालसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचे) शुल्क ९० युरो आहे, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी नऊ हजारांच्या घरात. मग बाकीचे तेरा हजार कशाचे? मुलाला काही सवलत असते का? व्हिसा नाकारला गेला तर यातले काय परत मिळते? शिवाय भावोजी पोर्तुगीज नागरिक असल्यामुळे आम्हाला फी माफ होईल, असे आमच्या वाड्यावर बरेचजण छातीठोकपणे सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे?

हिशेबनीस, पणजी

आपला एजंट ज्याला "व्हिसा फी" म्हणतो त्यात निदान चार प्रकारचे पैसे एकत्र झालेले आहेत. ते चार वेगवेगळ्या हातांत जातात आणि परत मिळण्याचे नियमही प्रत्येकाचे वेगळे असतात. म्हणून आधी ते सुटे करून घ्यावेत.

पहिला भाग सरकारी शुल्काचा. शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२० पासून तो ८० युरो होता. सहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालील मुलांना निम्मे, म्हणजे ४५ युरो पडतात, आणि सहा वर्षांखालील मुलांना काहीच पडत नाही. आपल्या मुलासाठी पूर्ण आकडा सांगितला गेला, ते या भागापुरते तरी सरळसरळ चूक आहे.

दुसरा भाग अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राच्या सेवाशुल्काचा. वकिलातीने अर्ज घेण्याचे काम बाहेरच्या कंपनीला दिले की ती कंपनी प्रत्येक अर्जामागे आपले पैसे घेते, परंतु युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेनुसार ते सर्वसाधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्याहून, म्हणजे आज ४५ युरोंहून, अधिक असता कामा नये. यातली मेख अशी, की मुलाला व्हिसा शुल्कात सवलत मिळाली तरी या सेवाशुल्कात मिळतेच असे नाही. त्यामुळे मुलाचा हिशेब मोठ्यांच्या बरोबर निम्मा येईल अशी अपेक्षा ठेवू नये. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण म्हणून हे सेवाशुल्क कमी होत नाही.

तिसरा भाग विम्याचा. किमान ३०,००० युरो इतके वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा शेंगेनसाठी सक्तीचा आहे. तो कुणाकडूनही घेता येतो आणि आईच्या वयानुसार तिचा हप्ता आपल्यापेक्षा बराच जास्त बसू शकतो. व्हिसा नाकारल्याचा कागद दाखवून प्रवासाची तारीख उजाडण्यापूर्वी पॉलिसी रद्द केली, तर विमा कंपन्या सहसा थोडी रक्कम कापून बाकीची परत करतात. पॉलिसी एजंटकडून घेतली असली तरी पावती आपल्या नावाची असावी, असे मी म्हणतो ते याचसाठी.

राहिलेले सगळे एजंटचे मेहनताण्याचे पैसे आणि केंद्रातील ऐच्छिक सेवा. एसएमएस, कुरिअर, झेरॉक्स, फॉर्म भरून देणे, वेगळ्या खोलीत बसवून अर्ज घेणे यांतले काहीही घेतले नाही म्हणून व्हिसाच्या निर्णयात काडीचा फरक पडत नाही. आपल्या बावीस हजारांतून सरकारी शुल्क आणि कमाल सेवाशुल्क मिळून साधारण साडेतेरा हजार वजा केले, तर मागे साडेआठ हजार उरतात. विमा धरूनही हा मेहनताणा मला भरमसाट वाटतो. अर्थात कागदपत्रांची जुळवाजुळव खरोखरच त्याच्यावर सोपवायची असेल, तर तो देणे न देणे आपल्या मर्जीचा प्रश्न आहे.

मल्टिपल एंट्रीचे वेगळे चार हजार मात्र अजिबात देऊ नयेत. शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा असो, दोनचा असो की अनेक प्रवेशांचा, पाच दिवसांचा असो की नव्वद, अर्जाचे शुल्क तेच असते. आपण इंग्लंडहून पुन्हा लिस्बनला येणार, म्हणजे आपल्याला दोन प्रवेशांची गरज खरीच आहे. ती अर्जात तशी मागावी आणि प्रवासाच्या आराखड्यात तारखांसह दाखवावी. देणे न देणे वकिलातीच्या हाती आहे, आणि आधीचे शेंगेन व्हिसा नीट वापरलेले असणे हेच त्यात सर्वांत जास्त उपयोगी पडते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी आलेल्या नियमानुसार गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरलेल्यांना, अन्य अटी पूर्ण असतील तर, दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. त्यालाही पैसे तेवढेच.

म्हापशाची वाचक

फी परत मिळण्याबद्दल थोडे. शेंगेन व्हिसा नाकारला गेला तर ९० युरो परत मिळत नाहीत, कारण ते अर्ज तपासण्याचे पैसे आहेत, व्हिसाची किंमत नव्हे. अपवाद एकच, आणि तो फारसा कुणी सांगत नाही: अर्ज मुळातच स्वीकारण्याजोगा नव्हता, म्हणजे मुदतीच्या बाहेर केला होता किंवा फॉर्म, पासपोर्ट, फोटो अशा मूलभूत गोष्टींपैकी काही नव्हते असे वकिलातीने ठरवले, तर ती तो न तपासता परत करते आणि व्हिसा शुल्कही परत करते. "नाकारला" आणि "स्वीकारलाच नाही" हे दोन निरनिराळे निकाल आहेत. नकार छापील नमुन्यावर कारणासह येतो व त्याविरुद्ध अपील करता येते. कारण वाचल्याशिवाय घाईने दुसरा अर्ज टाकू नये, कारण त्याचे शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते.

तुलनेसाठी सांगते. आमच्या घरचे क्रूझवर असतात, त्यामुळे अमेरिकेच्या सी-वन/डी, म्हणजे खलाशांच्या, व्हिसाचा हिशेब आम्हाला पाठ आहे. पर्यटकांचा असो वा खलाशांचा, तो अर्ज १७ जून २०२३ पासून १८५ डॉलरला पडतो. लहान मुलांना सवलत नाही आणि एकाने भरलेली पावती दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात व्हिसा मंजूर झालेल्यांकडून आणखी २५० डॉलर घेण्याची तरतूद आहे; अमेरिकेचा विचार असणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी त्याची अंमलबजावणी कुठवर आली आहे ते पाहून घ्यावे.

साखळीकर

वाड्यावरच्या फीमाफीबद्दल लिहितो, कारण गोव्यात हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

युरोपीय संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयांना व्हिसा मोफत देण्याचा नियम अस्तित्वात आहे, पण त्याला दोन कुंपणे आहेत. एक म्हणजे "कुटुंबीय" या शब्दात पती-पत्नी, एकवीस वर्षांखालील किंवा अवलंबून असलेली मुले, आणि नागरिकावर किंवा त्याच्या जोडीदारावर अवलंबून असलेले आईवडील एवढेच प्रामुख्याने येतात. मेहुणा, मेहुण्याची बायको, भाचा यात बसत नाहीत. दुसरे असे, की हा नियम त्या नागरिकाने स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहायला किंवा प्रवासाला गेले असताना लागू होतो. आपले भावोजी पोर्तुगीज असून पोर्तुगालमध्येच राहतात, त्यामुळे आपल्या मातोश्री अवलंबून आहेत असे कागदोपत्री सिद्ध केले तरी या नियमाचा लाभ त्यांना आपोआप मिळणार नाही. हेच भावोजी जर्मनीत नोकरीला असते, तर आईंपुरता प्रश्न विचारण्याजोगा होता. आपल्या चौघांसाठी नेहमीचेच शुल्क धरून चालावे.

इंग्लंडचा खर्च संपूर्ण वेगळा आहे, हे एजंटने सांगितले नसेल तर नोंद करून ठेवावी. शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. सहा महिन्यांचा अभ्यागत व्हिसा एप्रिल २०२५ पासून १२७ पौंडांना पडतो, आणि तिथे दहा वर्षांच्या मुलाचेही पूर्ण १२७ पौंडच. दोन वर्षांच्या व्हिसाचे त्याच वेळी ४७५ पौंड झाले. जास्त मुदतीचे पैसे भरूनही त्यांनी सहा महिन्यांचाच दिला तर वरची रक्कम परत येत नाही, म्हणून पहिल्या खेपेला लांब मुदतीच्या मोहात पडू नये. चार दिवसांच्या भेटीसाठी चौघांचे मिळून ५०८ पौंड होतात. मावशीलाच लिस्बनला बोलावणे स्वस्त पडेल का, हे घरात बोलून पाहावे. मावशीकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर तिला लिस्बनला जायला व्हिसाच लागत नाही.

फोंडेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल एजंटकडे पुन्हा गेलो आणि रकमा वेगवेगळ्या लिहून मागितल्या. आधी बरीच कुरकूर झाली, मग त्याने एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या: व्हिसा शुल्क, केंद्राचे शुल्क, विमा आणि "प्रोसेसिंग". शेवटच्या ओळीवरचा आकडा लिहिताना पेन बराच वेळ थांबले होते. मल्टिपलचे चार हजार मी काही न बोलताच गळले, आणि मुलाचे व्हिसा शुल्क निम्म्यावर आले. मावशीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तिच्याशी फोनवर बोलणे झाले, तीच लिस्बनला येते म्हणाली. त्यामुळे दोन प्रवेशांची गरजही उरली नाही.

एकच शंका आहे. "युरो वाढतो आहे, आताच पैसे भरून दर पक्का करा," असा त्याचा आग्रह आहे. तसे करावे का?

हिशेबनीस, पणजी

करू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि सर्वसाधारणपणे निदान पंधरा दिवस आधी करता येतो, आणि शुल्क अर्ज देतेवेळी, त्या दिवशी लागू असलेल्या रुपयांतील रकमेने घेतले जाते. ही रक्कम विनिमय दराप्रमाणे वेळोवेळी बदलतात. आज एजंटच्या हाती दिलेले पैसे केंद्रात आज जमा होत नाहीत, त्यामुळे दर पक्का होण्याचा प्रश्नच येत नाही. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मेमध्ये निघायचे असेल तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीची वेळ घ्यावी, पैसे त्याच वेळी भरावेत, आणि केंद्राची छापील पावती प्रत्येकाच्या नावाची वेगळी मागून घ्यावी.