सीओ-पीओ अटेनमेंट : संलग्न कॉलेजांना यातून मोकळं करा

खडूफळा (धागाकर्ता)

एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, टीम येणार म्हटलं की आमच्या विभागात तास मागे पडतात आणि एक्सेल पुढे येतं. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक विषयाचे पाच-सहा 'कोर्स आउटकम' (सीओ) लिहायचे, म्हणजे विषय संपल्यावर पोराला काय करता आलं पाहिजे ते. पदवीच्या 'प्रोग्राम आउटकम'शी (पीओ) त्यांची १-२-३ अशी सांगड घालायची. मग गुणांवरून काढायचं, कुठला सीओ ३ पैकी किती गाठला; हेच अटेनमेंट. कागदावर झकास.

संलग्न कॉलेजात मात्र सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा आणि तपासणारा तिसराच कोणी. आमच्या हाती येतात फक्त एकूण गुण. ७० पैकी ४१. त्यात बीएमडी (तुळईवर कुठे किती बेंडिंग मोमेंट येतो त्याची आकृती) काढता आल्याचे किती आणि व्याख्या घोकल्याचे किती, देव जाणे. मग तोच आकडा आम्ही सगळ्या रकान्यांत ओततो. पाचही सीओंपुढे २, २, २, २, २. याला मापन म्हणायचं?

तिसरा बाक

साफ असहमत. आमच्याकडे प्रश्नापुढे सीओ आणि ब्लूमची पातळी (प्रश्न नुसता आठवायचा, समजायचा की वापरायचा ती पायरी) लिहायची सक्ती झाली, तेव्हा आम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे जुने पेपर काढून टॅग करत बसलो. सीओ म्हणतो, 'दिलेल्या भारावरून एसएफडी (शिअर फोर्सची आकृती) आणि बीएमडी काढून सर्वाधिक बेंडिंग मोमेंट कुठे येतो ते सांगता येईल'. पेपरात काय होतं? 'बेंडिंग थिअरीची गृहीतकं लिहा', 'पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर म्हणजे काय', आणि जेमतेम एक गणित, तेही पुस्तकातलंच, भार तेवढा बदललेला. वर 'कोणतेही चार सोडवा'. पोरं गणित ऑप्शनला टाकून पास होत होती, वर्षानुवर्षं. टॅग लावेपर्यंत हे कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. गणित सक्तीचं केलं, त्या सेमिस्टरला निकाल आपटला आणि प्राचार्य लाल झाले. तरी प्रश्न तसाच ठेवलाय.

खडूफळा

तुम्ही स्वायत्त दिसता. मेख तिथेच आहे. पेपर तुमचा, म्हणून प्रश्न सक्तीचा करता आला. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनीअरिंग पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-१ मानांकनालाच, म्हणजे स्वायत्त संस्था, विद्यापीठांचे विभाग वगैरे. आम्ही टियर-२. मान्यता त्यांच्या वाट्याला, रकाने आमच्याही.

आकडेमोड

अंतर्गतचे ३० गुण तर तुमच्याच हातात आहेत ना? तिथे प्रश्नवार हिशेब ठेवा.

खडूफळा

ठेवतो की. अंतर्गतात सगळ्यांना २६-२७. सगळे सीओ ३.

आकडेमोड

मग ते विद्यापीठाचं पाप नाही, मास्तर.

पासआउट

विद्यार्थ्याकडून दोन शब्द. अटेनमेंटमध्ये सर्व्हेचाही वाटा असतो, बऱ्याच ठिकाणी २० टक्के. आमच्या वर्गाचे एक्झिट सर्व्हे, म्हणजे बाहेर पडताना पोरांनी भरायचे अभिप्राय, सीआरने (वर्गप्रतिनिधीने) एका दुपारी एकट्याने भरले. सर म्हणाले, 'सगळे ५ नको टाकू, मधे मधे ४ टाक.' ज्यांनी हे केलं ते शिकवायला उत्तम होते, हे मुद्दाम सांगतो.

बीए मराठी

फक्त इंजिनीअरिंगवाल्यांनी रडू नये. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) निकष २.६ साठी आम्हालाही हेच करावं लागतं. 'कवितेचा आस्वाद घेता येईल' हा आमचा सीओ. तो १, २ की ३?

तिसरा बाक

न शिकवलेली कविता द्या आणि पानभर लिहायला सांगा. आत्ता तुम्ही गाइडमधलं रसग्रहण तपासता. त्यात आस्वाद गाइडवाल्याने घेतलेला असतो.

बीए मराठी

टोला मान्य, उपाय नाही. न शिकवलेली कविता पेपरात आली की दुसऱ्या दिवशी 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून निवेदन, आणि सगळ्यांना सरसकट गुण. शिवाय 'आस्वाद' हे क्रियापद ब्लूमच्या यादीत नाही म्हणून कार्यशाळेत ते बदलून 'विश्लेषण' करायला लावलं. कवितेचं विश्लेषण सगळेच करतात, वाचत कुणी नाही.

तिसरा बाक

क्रियापदांच्या याद्या हा शुद्ध बावळटपणा आहे, तिथे तुमच्या बाजूने. पण @खडूफळा, टार्गेट गाठलं नाही असं लिहायला फॉर्मात जागा आहे. उलट गाठलं नाही तर पुढे काय केलंत, हेच विचारतात. २, २, २ लिहा असं एनबीए सांगत नाही.

खडूफळा

जागा आहे हो. १.४ लिहून केबिनमध्ये सहीला जाऊन बघा एकदा. 'शेजारच्या विभागाचा २.६ कसा?' हा पहिला प्रश्न. माझा वाद आउटकमशी नाहीच. जे मोजायची सोय नाही ते मोजल्याचं माझ्याकडून लिहून घेता, त्याच्याशी आहे.

आकडेमोड

मग सोय मागा ना, सुटका कशाला? मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये ऑनस्क्रीन तपासणी आणली. निकालांचा बोजवारा उडाला ते सोडा, पण पद्धत बघा. परीक्षक प्रत्येक प्रश्नाचे गुण स्क्रीनवर टाकतो, म्हणजे ते सर्व्हरवर पडलेले असतात. अशी तपासणी जिथे आहे तिथे नाव वगळून ती फाइल कॉलेजला द्यायला काय हरकत? इथे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (सिलॅबस ठरवणाऱ्या) कुणी आहे का?

मंडळसदस्य

आहे. मागणी लेखी द्या, बैठकीत ठेवतो. मात्र प्रश्नवार गुण परीक्षा विभागाच्या अखत्यारीत येतात, आमच्या नाही.

खडूफळा

झालं! परीक्षा विभाग म्हणेल अभ्यास मंडळाचा ठराव आणा. तरी अर्ज देतो. दोन्हीकडे.