आई-बाबा परदेशी निघालेत आणि सगळं ओटीपीवर अडलंय

सागरलाट:
आई-बाबा दोघंच पहिल्यांदा बहिणीकडे परदेशात चाललेत, मधे एका ठिकाणी विमान बदलायचंय. तिकीट, व्हिसा सगळं झालं पण फोनने जीव नकोसा केलाय. एअरलाइनच्या ॲपमधे दरवेळी लॉगइनला ओटीपी, तो येणार बाबांच्या इथल्या नंबरवर, मग तिकडे उतरून सिम बदललं की काय करायचं? बँकेचंही तेच. पासपोर्ट स्कॅन तर होतच नाहीये, बाबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतात, मी फोन वरखाली करते आणि स्क्रीनवर आपलं 'पुन्हा प्रयत्न करा'. बाबांना फोन चांगला वापरता येतो हो, पण दर पानावर नवीन काहीतरी मागतात आणि चुकून मागे गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, मग ते गप्प होतात आणि म्हणतात राहू दे, नकोच जायला. फार वाईट वाटतं ते ऐकून. निघायच्या आधी काय काय करून ठेवू?

रातराणी:
स्कॅनचं आधी सांगते. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, मधे मधे बाणासारख्या खुणा, प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. ॲपला फक्त त्याच वाचायच्या असतात आणि बाबांचा अंगठा बहुतेक नेमका तिथेच येत असणार. पासपोर्टचं कव्हर काढा, टेबलावर सपाट ठेवा, वरचा दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात घ्या म्हणजे चकाकी येत नाही. तरी नाही झालं तर हाताने भरा, बऱ्याच ॲपमधे तो पर्याय खाली बारीक अक्षरात दडवलेला असतो. ओ आणि शून्य तेवढं नीट बघा.

वाटसरू_७:
ओटीपीसाठी जुनं सिम काढूच नका. निघायच्या आधी इथूनच त्यावर रोमिंग चालू करून घ्या, मेसेज यायला पैसे पडतात का तेही कंपनीला विचारा, आणि त्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा. डेटासाठी दुसरं सिम किंवा ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमधेच उतरवून घेतात ते सिम. फोनला ई-सिम चालतं का बघायला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, यादीत ईआयडी म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांक दिसला तर चालतं. ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून ठेवा, कारण ते टाकायलाच इंटरनेट लागतं आणि क्यूआर कोड त्याच फोनवर आला असेल तर तो स्कॅन कशाने करणार, दुसऱ्या फोनवर पाठवा नाहीतर प्रिंट काढा. आणि टाकलेलं ई-सिम डिलीट करू नका, बरेचसे कोड एकदाच चालतात.

जिथे जमेल तिथे एसएमएस सोडून ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्याला नेटवर्क लागतच नाही, सेटअपच्या वेळी फोनमधे एक गुप्त किल्ली साठवली जाते, ती आणि घड्याळ यावरून बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी नवीन कोड फोनमधेच तयार होतो. फक्त फोनची वेळ ऑटोमॅटिकवर हवी. ज्या माणसाच्या हातात पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं आहे त्याला एका एसएमएसपायी अडवून ठेवायचं हे मला अजिबात पटत नाही, पण आत्ता तरी वाट हीच आहे.

निवांत:
वरचं सगळं करा पण कागदही द्याच. तिकीट, व्हिसा, विमा, बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर, मोठ्या अक्षरात, दोघांच्या पर्समधे वेगवेगळी प्रत. मधल्या विमानतळावर वायफाय लागेल असं धरून चालू नका, कित्येक ठिकाणी त्या वायफायलाही मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणजे परत तेच. काही विमानतळांवर पासपोर्ट दाखवून किंवा मशीनवर स्कॅन करून कोड मिळतो, तेवढं बाबांना सांगून ठेवा. तिकिटावरची वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक असते, फोनचं घड्याळ नेटवर्क मिळेपर्यंत जुनंच दाखवू शकतं, त्यामुळे गेटवरचा बोर्ड बघायचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हं, चेक-इनमधे चालत नाही. साधारण मर्यादा १०० वॉट-अवर, २०,००० एमएएचची ७४ च्या आसपास भरते, पण वर आकडे छापलेले हवेत, पुसले गेलेले असतील तर काढून घेऊ शकतात.

सागरलाट:
खिडकीपाशी टेबलावर ठेवून स्कॅन झाला!! दोघांचाही. बाबांनी आईचा स्वतः केला. आज रोमिंगचं बघते. एकच राहिलं, तिकडे दुसरं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप बंद पडेल का? आईचे सगळे फोन त्यावरच असतात.

वाटसरू_७:
नाही पडत, जुन्याच नंबरवर चालू राहतं. नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि ॲप काढून परत टाकायचं नाही, नाहीतर पुन्हा जुन्या नंबरवर कोड मागेल. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन, म्हणजे आपणच ठेवलेला जादाचा आकडी पासवर्ड, लावलेला असेल तर तो आईंना पाठ आहे ना बघा.