विश्वास, भरवसा, भाव : देवावर नेमकं काय ठेवायचं?

वेलांटी

एका मैत्रिणीला चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. तिच्या आईची तपासणी झाली आहे, अहवाल यायला आठवडा आहे. ती ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती, त्यामुळे धीर द्यायचा तो देवाचं नाव घेऊनच. लिहिलं, ‘देवावर विश्वास ठेव.’ आणि लगेच खोडलं. तिचा विश्वास नाही असं कोण म्हणतंय? माझ्यापेक्षा जास्तच आहे. या वाक्यात उपदेश आहे आणि थोडा आरोपही.

मग लिहिलं, ‘भरवसा ठेव.’ तर डोळ्यांपुढे भरवशाची म्हैस आणि तिचा टोणगा. ‘सगळं देवावर सोड’ लिहून पाहिलं, ते हात झटकल्यासारखं वाटलं. ‘श्रद्धा’ आमच्या बोलण्यात फारशी येत नाही. इंग्रजीत फेथ आणि ट्रस्ट असे दोन शब्द तरी आहेत, आपण दोन्हींना विश्वास म्हणून मोकळे होतो. विश्वास, भरवसा, भाव, भिस्त, श्रद्धा यांत खरंच फरक आहे, की मीच कीस काढतेय?

जोडाक्षर

फरक आहे. पण आधी विश्वासाची बाजू घेतो, कारण वापरून वापरून तो शब्द पार गुळगुळीत झालाय. त्यात ‘श्वस्’ धातू आहे, श्वास घेणे. वि + श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, भीती नसणे. ज्याच्याजवळ छाती दडपत नाही त्याच्यावर विश्वास. ‘आश्वासन’ याच धातूचं, म्हणजे एकाने आश्वासन द्यायचं आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा, हा एकाच श्वासाचा व्यवहार आहे. (निवडणुकीतल्या आश्वासनांनी श्वास कोंडतो तो भाग वेगळा.)

तुमची गोची नामामुळे झालेली नाही, क्रियापदामुळे झालीय. मराठीत विश्वास असतो, बसतो, ठेवतात, धरतात, टाकतात आणि उडतोही. ‘बसतो’ म्हटलं की माझ्या हातात काही नाही, पुरावा पाहून तो आपोआप बसणार. ‘ठेवतो’ म्हटलं की मी ठरवून करतो. ‘धरतो’ यात सुटण्याची भीती आहे. पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) मराठी भाषांतरात ‘विश्वास धरणे’ बरंच भेटतं, आणि मला ते ‘ठेवणे’पेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. ठेवलेली वस्तू विसरता येते, धरलेली नाही.

अनुस्वार

श्रद्धेला इतक्या लवकर बाजूला सारू नका. श्रत् + धा, आणि लॅटिनमधलं ‘क्रेदो’ हे त्याच मुळातून आलेलं सख्खं भावंड आहे. क्रेदो म्हणजे ‘मी मानतो’, ख्रिस्ती मतांगीकाराचा, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या पाठाचा, पहिला शब्द. म्हणजे ‘श्रद्धा हा आपला शब्द नव्हे’ असं म्हणणारा प्रॉटेस्टंट आणि लॅटिनमध्ये क्रेदो गाणारा कॅथलिक, दोघेही नकळत एकाच घरातले. मराठी कॅथलिक लेखनात श्रद्धा आणि भाविक हे शब्द सहज येतात.

अडचण एवढीच की श्रद्धेला मराठीत ‘अंध’ हे विशेषण चिकटलं. विश्वासाला ‘घात’ चिकटला. कोणता डाग पत्करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

काना

‘भाव’ कोणीच उचलला नाही म्हणून लिहितोय. बायबलमधलं नीतिसूत्रे 3:5 (अध्याय 3, वचन 5) प्रचलित मराठी भाषांतरात उघडा. तिथे विश्वास नाही, भरवसाही नाही. ‘परमेश्वरावर भाव ठेव’ आहे. स्तोत्र 37:5 मध्येही ‘त्याच्यावर भाव ठेव’. भाषांतरकारांनी ‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या भाषेचा कान ओळखला. शेजारी कोकणीत तर ख्रिस्ती माणूस भावार्थ म्हणतो तेव्हा त्याला फेथ म्हणायचं असतं, आणि आपण भावार्थ म्हणजे तात्पर्य समजून पुढे जातो.

आता मूळ शब्दांकडे. हिब्रूत ढोबळमानाने दोन घराणी आहेत आणि वेलांटींच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

पहिलं घराणं ‘आमान’. अर्थ पक्कं असणं, टिकून राहणं. ‘आमेन’ यातलाच. यातून झालेलं नाम ‘एमुना’. हा शब्द इस्राएलचा पुढारी मोशे याच्या हातांसाठी आलाय, निर्गम 17:12. खाली अमालेक्यांशी लढाई चालू आहे, वर टेकडीवर मोशे हात उंच धरून उभा. हात खाली आले की इस्राएल मागे हटतं. हात भरून येतात. तेव्हा त्याच्याखाली दगड सरकवतात, एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहतात. आपण तिथे ‘स्थिर’ वाचतो. दुसरीकडे हाच शब्द ‘विश्वास’ किंवा ‘विश्वासूपणा’ होऊन येतो, हबक्कूक 2:4 मध्ये तर प्रसिद्धच आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की हात त्याचे एकट्याचे नव्हते. दमलेल्या माणसाचा विश्वास दुसरे दोघे धरून ठेवू शकतात. याच मुळातून लहान मुलाला सांभाळणाऱ्या दाईचा शब्दही येतो. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी नातवाला उराशी घेते तिथे तो आहे.

दुसरं घराणं ‘बाताह’. निर्धास्त असणं, विसंबून राहणं. नीतिसूत्रांतला ‘भाव ठेव’ याचाच. पण हा शब्द आपोआप पुण्यवान होत नाही. शास्ते 18 मध्ये लईश गावचे लोक असेच निर्धास्त राहत होते, आणि इस्राएलच्या दान वंशातल्या लोकांनी येऊन गाव जाळलं. 2 राजे 18 मध्ये अश्शूरच्या राजाचा सरदार रब-शाके यरुशलेमेच्या तटाखाली उभा राहून हाच शब्द पुन्हा पुन्हा फेकतो: तुझी भिस्त कशावर आहे? मिसरावर? तो पिचलेला बोरू आहे, टेकशील तर हातात घुसेल. शत्रूच्या तोंडचं वाक्य, पण भरवशाचं याहून चांगलं चित्र मी पाहिलं नाही. भरवसा म्हणजे वजन टाकणं. प्रश्न वजन किती टाकलं हा नाही, कशावर टाकलं हा आहे.

तेव्हा एमुना म्हणजे मी पक्का उभा असणं आणि बाताह म्हणजे मी टेकलेला असणं. मराठीत पहिल्याला विश्वास, दुसऱ्याला भिस्त किंवा भरवसा. इब्री 11:1 मध्ये तर विश्वासाची व्याख्या करताना ‘भरवसा’ हाच शब्द वापरलाय, आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा. त्यामुळे म्हशीला फार भिऊ नका.

ऱ्हस्वदीर्घ

छान चाललंय, पण एक खटकतं. ‘देवावर हवाला ठेवून’ हा आपला जुना वाक्प्रचार. वर वर पाहता भरवसाच. पण मराठी माणूस तो म्हणतो तेव्हा अर्थ असा की तयारी काही केलेली नाही, पुढचं देव जाणे. अभ्यास न करता परीक्षेला जाणाऱ्याचा हवाला. चर्चमध्येही असे लोक भेटतात. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, पैसे बाजूला टाकणं म्हणजे विश्वास कमी. याला कोणता शब्द?

काना

याला शब्द आहे, ‘परीक्षा पाहणे’. मत्तय 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि खाली उडी टाक म्हणतो, वर स्तोत्र 91 चा आधारही देतो. येशू ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 6:16 ने उत्तर देतो: देवाची परीक्षा पाहू नकोस. लक्षात घ्या, सैतान जे सुचवतोय ते दिसायला भरवसाच आहे, शास्त्राचा दाखला देऊन सुचवलेला. फरक असा की परीक्षा पाहणारा खिंडीत गाठून पुरावा मागतो. भरवसा ठेवणाऱ्याला पुरावा मिळेपर्यंत थांबायचं असतं, आणि थांबताना हातचं कामही करायचं असतं. नहेम्या 4:9 एका ओळीत दोन्ही सांगतं: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि पहारा बसवला. तिथे ‘पण’ नाही, ‘आणि’ आहे.

जोडाक्षर

‘आणि’साठी टाळ्या. नव्या करारातलं याकोबाचं पत्रही तिथेच बोट ठेवतं. एकच देव आहे असं मानतोस? भुतंही मानतात आणि थरथर कापतात (2:19). म्हणजे नुसतं ‘मानणं’ भुतांनाही जमतं.

जाता जाता. ‘विश्वासू’ या शब्दाची गंमत कोणी पाहिली का? रोजच्या मराठीत विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो. अर्जाखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो तो. ‘विश्वास ठेवणारा’ असा अर्थ त्यात नाही, त्यासाठी ख्रिस्ती मराठीला ‘विश्वासणारे’ असा वेगळा शब्द चालवावा लागला. ग्रीकमधला ‘पिस्तोस’ मात्र दोन्ही आहे, विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा. ‘देव विश्वासू आहे’ (1 करिंथ 1:9) हे वाक्य मराठीत सुरुवातीला विचित्र लागतं, जणू देवाचाच अर्ज आलाय. पण अर्थ चोख बसतो: टेकलात तर हातात घुसणार नाही.

मात्रा

पहिल्यांदाच लिहितेय. ‘आमेन’चं भाषांतर ‘तथास्तु’ का करत नाहीत? अर्थ तोच ना?

अनुस्वार

नाही. तथास्तु देणारा म्हणतो, आमेन मागणारा म्हणतो. आपण प्रार्थना करून वर आपणच तथास्तु म्हटलं तर देवाला काम काय उरलं? आमेनचा सूर ‘हे पक्कं आहे, मी यावर उभा आहे’ असा आहे. येशू मात्र तोच शब्द वाक्याच्या आधी वापरतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर 25 वेळा जोडीने. मराठीत त्याचं ‘खचीत खचीत’ झालं. ‘खचीत’ आता बोलण्यातून गेला, पण शास्त्रात शाबूत आहे, आणि जुन्या लोकांच्या तोंडी ऐकायला फार गोड लागतो.

काना

योहानाचा विषय निघालाच आहे तर जोडाक्षरांच्या बाजूने अजून एक. योहानाच्या शुभवर्तमानात ‘विश्वास’ हे ग्रीक नाम, ‘पिस्तिस’, एकदाही नाही. क्रियापद ‘पिस्तेउओ’ 98 वेळा. या माणसाला विश्वास ही वस्तू माहीतच नाही, फक्त करणं माहीत आहे.

वेलांटी

सगळ्यांचे आभार, विशेषतः मोशेच्या हातांसाठी. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी तिच्याकडे जाऊन आले. ती दारातच म्हणाली, ‘विश्वास ठेव सोडून काहीही बोल.’ मग आम्ही दोघींनी मिळून कपाट आवरलं. तासभर. देवाचा विषय निघाला तो एकदाच. घडी घालता घालता तिने विचारलं, उद्याची चिंता करू नका हे वाचायला ठीक आहे गं, पण रात्री दोन वाजता काय करायचं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे व्याकरण असेल तर द्या.

काना

व्याकरण आहे. मत्तय 6 मध्ये ती आज्ञा दोन रूपांत येते. 25 व्या वचनात ग्रीकचं चालू रूप आहे, आणि मराठीत त्याचा सूर ‘चिंता करत बसू नका’ असा ऐकता येतो. 34 व्यात वेगळं रूप, ‘उद्याची चिंता करू नका’.  ‘करत बसू नका’ म्हटलं की सुटका वाटते. चिंता येणार, दोन वाजता येणारच. तिच्याशेजारी बसून राहायचं नाही.

आणि स्तोत्र 37:5 मध्ये ‘सोपवून दे’ आहे ना, तिथे हिब्रूत शब्दशः ‘लोट’ आहे, गडगडत ने. उत्पत्ती 29 मध्ये याकोब विहिरीच्या तोंडावरची मोठी धोंड लोटतो ते हेच क्रियापद. उचलायला सांगितलेलं नाही, उचलवत नाहीच ते. लोटायचं.

वेलांटी

हे लिहिते. ‘आजची रात्र तुझं ओझं त्याच्याकडे लोटून दे.’ चालेल?

ऱ्हस्वदीर्घ

‘लोटून दे’ म्हटलं की एकदा लोटलं, संपलं. सकाळी ते परत दाराशी असलं तर तिला वाटेल आपलंच चुकलं. अहवाल यायला अजून चार दिवस आहेत.

वेलांटी

मग ‘लोटत जा’.

जोडाक्षर

लोटत जा. हेच ठेवा. ‘आजची रात्र’ काढून टाका.