विस्कॉन्सिनचे फ्रेड रिसर आणि चौसष्ट वर्षांची आमदारकी

कोथरूडकर: पुण्यातील आमच्या अभ्यासमंडळात सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांवर चर्चा चालली असता अमेरिकेतील फ्रेड रिसर यांचे नाव निघाले. इतका दीर्घ काळ निवडून येणे त्यांना कसे साधले?

पर्वतीवासी: रिसर १९५६ साली विस्कॉन्सिनच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले, १९६२ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्या राज्यात आमदारांना कार्यकाळाची मर्यादा नाही, शिवाय त्यांचा मतदारसंघ मॅडिसन हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. मला विशेष वाटते ते असे, की घराण्यातील आधीच्या तीन पिढ्याही याच विधिमंडळात होत्या, आणि प्रत्येक पिढीचा पक्ष निराळा होता.

औंधकर: २०११ चा प्रसंगही सांगायलाच हवा. सरकारी कर्मचारी संघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे हक्क कमी करणारे विधेयक आले. आर्थिक विधेयकासाठी वीस सदस्यांची गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, लागे आणि रिपब्लिकन एकोणीसच होते. तेव्हा गणपूर्ती होऊ नये म्हणून चौदाही डेमोक्रॅटिक सिनेटर राज्याची हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये गेले, त्यांत त्र्याऐंशी वर्षांचे रिसरही होते. त्या वयातली ही जिद्द मला फार मोलाची वाटते.

कोथरूडकर: मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत हा गणपूर्तीचा मुद्दा सविस्तर मांडतो.