पोर्तुगालमध्ये पक्ष बदलला की खासदारकी जाते. गोव्यात दहाजण कसे वाचले?

मांडवीकाठ:
जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. दोन्ही वेळा आमदारकी शाबूत. पोर्तुगालच्या 1976 च्या घटनेत म्हणे पक्ष बदलणाऱ्याची जागा सरळ जाते. खरं का? आणि तेच कलम आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, घातलं तर?

कलमकसाई:
खरं आहे, कलम 160. निवडणुकीला ज्या पक्षाने उभं केलं त्याहून वेगळ्या पक्षात नाव नोंदवलं की सदस्यत्व संपलं. एकटा जावो की दोन तृतीयांश जावोत, सूट नाही.

पण अर्धंच वाचू नका. तिथे पक्ष सोडून अपक्ष बसता येतं आणि पक्षाविरुद्ध मतही देता येतं. 1999 मध्ये पंतप्रधान गुतेरेश यांच्या समाजवादी पक्षाला 230 पैकी बरोबर 115 जागा मिळाल्या, म्हणजे बजेट अडकलं. तेव्हा विरोधी बाकांवरचे दानिएल काम्पेलो तटस्थ राहिले आणि 2001 चं बजेट 115 विरुद्ध 114 असं पार पडलं. बदल्यात त्यांनी पोंत द लिमा या आपल्या गावच्या पदरात कामं पाडून घेतली. तिथल्या चीजवरून त्याला 'लिमियानो बजेट' हे नाव चिकटलं. पक्ष खवळला, पण जागा काम्पेलोंकडेच राहिली.

आपल्याकडे व्हिप मोडून कुणी तटस्थ राहिला आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर तो अपात्र. म्हणजे आपण एकट्याला धरतो नि टोळीला सोडतो. पोर्तुगालवाले पक्षाविरुद्धचं मत चालवून घेतात, पण नव्या पक्षाची पावती पकडतात.

पेडणेवाट:
आपली गोम दहाव्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. 1985 च्या 52 व्या दुरुस्तीने दोन पळवाटा ठेवल्या: एक तृतीयांशांची फूट आणि दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने पहिली बुजवली, दुसरी उघडीच. 15 चे दोन तृतीयांश 10. 11 चे 7.33, म्हणजे 8. वरचे आकडे परत बघा, एकही माणूस जास्तीचा नाही! 40 जणांच्या सभागृहात एवढी माणसं एका जेवणाच्या टेबलावर मावतात. उत्तर प्रदेशच्या 403 मध्ये मोठा पक्ष असा फोडणं जड जातं.

वाद होता तो असा: मूळ पक्ष विलीन व्हायला हवा, की विधिमंडळ गट पुरे? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी दहाजणांच्या बाजूने कौल दिला. तोवर 14 तारखेला नव्या विधानसभेचं मतदानसुद्धा होऊन गेलं होतं.

आणि आमिष? त्याच 91 व्या दुरुस्तीने मंत्र्यांवर 15 टक्क्यांची मर्यादा घातली, पण राज्यात किमान 12 मंत्री चालतात. गोव्याचे 15 टक्के म्हणजे 6. प्रत्यक्षात 12 जणांना खुर्ची मिळू शकते, म्हणजे 30 टक्के.

मांडवीकाठ:
मग चौथा परिच्छेद काढून कलम 160 बसवलं की झालं?

कलमकसाई:
नाही होत. पोर्तुगालमध्ये 22 मतदारसंघांत पक्षांच्या याद्यांना मतं पडतात आणि त्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. यादी फक्त पक्षच देऊ शकतो. जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा येतो, पोटनिवडणूक नाही. त्यामुळे पक्ष बदलणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. आपल्याकडे राजीनामा द्या, पक्ष बदला, त्याच मतदारसंघातून नव्या चिन्हावर परत या. 2017 मध्ये गोव्यातल्या वाळपईत तसंच झालं. कलम 160 इथे असतं तरी ते अडलं नसतं.

शिवाय निवाडा कोण करतो ते बघा. तिथे जागा गेलेल्याला घटना न्यायालयात दाद मागता येते. इथे पहिला शब्द सभापतींचा. 2019 च्या प्रकरणात तो एप्रिल 2021 मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच तीन महिन्यांचा काळ वाजवी म्हटला होता.

मुळात दोन्ही घटनांचा जन्मच वेगळा. आपल्या 1950 च्या मूळ घटनेत राजकीय पक्षांना जागाच नव्हती. ते 1985 मध्ये मागच्या दाराने आले. पोर्तुगालने 1926 ते 1974 हुकूमशाही भोगली आणि 1933 च्या घटनेखाली (जी 1961 पर्यंत आपल्यावरही होती) एकच पक्ष पाहिला. म्हणून 1976 मध्ये पक्षांना मुद्दाम मध्यभागी बसवलं.

खाजनबांध:
यादी पद्धत आली की सगळं सुटतं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत यादीच आहे, तरी तिथे ठरलेल्या वर्षी 15 दिवस पक्षांतराला मुभा दिली होती, अट एवढीच की पक्षाचे 10 टक्के सदस्य सोबत हवेत. ज्या पक्षाचा एकच खासदार, त्याचे शंभर टक्के तो एकटाच. उठला की पक्षच गेला. बडे पक्ष फुगले, छोटे बुडाले. 2009 मध्ये ती मुभा काढून टाकावी लागली.