लॉगमध्ये विनंतीचा मजकूर लिहावा का?

कुंपणकार
अनेक सर्व्हिसमध्ये, म्हणजे एकेक काम करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये, विभागलेल्या प्रणालीत एखादी विनंती नेमकी कुठे अडकली हे कळावे म्हणून आपण प्रत्येक टप्प्यावर लॉग, म्हणजे काय घडले त्याची नोंद, लिहितो आणि शोधायला सोपे जावे म्हणून ते सगळे एका ठिकाणी गोळा करतो. डेटाबेसमध्ये जी माहिती एन्क्रिप्ट करून, मोजक्या लोकांनाच परवानगी देऊन जपलेली असते, तीच या वाटेने उघडी पडते. ट्विटरने मे २०१८ मध्ये आपल्या सर्व, म्हणजे सुमारे ३३ कोटी, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले, कारण हॅश होण्याआधीच, म्हणजे मूळ मजकूर थेट परत मिळत नाही अशा संकेतात बदलण्याआधीच, ते पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. फेसबुकने मार्च २०१९ मध्ये अशाच स्वरूपाची चूक मान्य केली आणि त्या प्रकरणी आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये मेटाला ९.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

हे घडते कसे, तर अगदी साध्या रीतीने. ओटीपी पाठवणाऱ्या सर्व्हिसला पलीकडून वेळेत उत्तर येत नाही, एरर उठते, आणि ती छापणारा कोड सोबतची संपूर्ण विनंती, म्हणजे मोबाइल क्रमांक, ओटीपी आणि ऑथोरायझेशन हेडरमधील टोकनसुद्धा (ओळख पटवणारा गुप्त संकेत), लॉगमध्ये ओतून मोकळा होतो. म्हणून माझे मत असे की, मजकूर मुळात लिहूच नये. ज्या फील्डना (माहितीच्या रकान्यांना) नावानिशी परवानगी दिली आहे तेवढीच लॉगमध्ये जावीत. आधी सगळे लिहायचे आणि मग मास्किंगचे, म्हणजे गुप्त भाग झाकण्याचे, नियम लावत बसायचे, या पद्धतीत उद्या वाढलेले नवे फील्ड हमखास निसटते.

रात्रपाळी
आपली काळजी रास्त आहे, पण हा उपाय मला मान्य नाही. मी पेमेंटच्या सर्व्हिस सांभाळतो. एखाद्याच्या खात्यातून पैसे वजा झालेले असतात, समोरच्याला मिळालेले नसतात, आणि कारण मजकुरातच दडलेले असते. ग्राहकाचे नाव ‘गोऱ्हे’ आहे असे समजा. एक सर्व्हिस त्यातील ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेतांकाने पाठवते आणि पुढची त्याचे र आणि नुक्ता असे दोन भाग करते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण मजकूर वाटेत बदललेला नाही हे तपासणारी डिजिटल सही जुळत नाही आणि व्यवहार फेटाळला जातो. मजकूर न पाहता हे शोधून दाखवावे.

शिवाय लॉग ही सुरक्षेचीच गरज आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील सरकारी ईमेल चोरीला जात असल्याचे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ओळखले, तेही जास्त पैसे मोजून घेतलेल्या सविस्तर लॉगमुळे. ज्यांच्याकडे ते लॉग नव्हते, त्यांना स्वतःहून हे कळण्याची सोयच नव्हती.

कुंपणकार
आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या लॉगमध्ये ईमेलचा मजकूर नव्हता. कोणत्या ॲपने कोणती मेल उघडली एवढीच नोंद होती, आणि अनोळखी ॲपचा क्रमांक दिसल्यामुळे संशय आला. गूगलने २०१० मध्ये आपल्या डॅपर या ट्रेसिंग प्रणालीचे, म्हणजे विनंतीचा सर्व्हिसमधून माग काढणाऱ्या प्रणालीचे, वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही हीच भूमिका आहे. कोणत्या सर्व्हिसने कोणाला हाक मारली आणि किती वेळ लागला हे नोंदवले जाते, आतला मजकूर आपोआप नोंदवला जात नाही.

‘ऱ’चे म्हणाल, तर प्रत्येक टप्प्यावर मजकुराची बाइटमधील लांबी आणि हॅश लिहा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एका रूपाला ३ बाइट लागतात आणि दुसऱ्याला ६. ट्रेस आयडी, म्हणजे एका विनंतीला सर्व टप्प्यांवर जोडलेला एकच क्रमांक, धरून पाहिले की कोणत्या सर्व्हिसनंतर लांबी वाढली ते लगेच दिसते, नाव वाचावे लागत नाही.

जलरेषा
हॅशवर इतका भरवसा ठेवू नये. संपूर्ण विनंतीचा हॅश एक वेळ ठीक आहे, पण अनेक जण सरळ मोबाइल क्रमांकाचा हॅश लॉगमध्ये लिहितात आणि माहिती निनावी झाली असे समजतात. भारतातील मोबाइल क्रमांक १० अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी, आणि त्या सगळ्यांचे एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीने हॅश काढणे हे चांगल्या ग्राफिक्स कार्डासाठी काही सेकंदांचे काम आहे. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळली पाहिजे आणि ती लॉग वाचणाऱ्यांच्या हाती असता कामा नये.

दुसरे असे की, मजकूर वगळला म्हणजे गोपनीयता जपली गेली, हेही मला पटत नाही. एकच व्यक्ती दर आठवड्याला कर्करोग रुग्णालयाच्या बिलिंग सर्व्हिसपर्यंत पोहोचते, एवढी नोंद पुरेशी बोलकी आहे.

रात्रपाळी
लांबीचा उपाय चांगला आहे, तो आम्ही लावून पाहू. तरी लांबी फक्त बदल कुठे झाला ते सांगते. समोरच्या बँकेने उत्तरात चुकीची तारीख धाडली असेल, तर दोन्ही टप्प्यांवर लांबी आणि हॅश तंतोतंत जुळतात आणि चूक मात्र तशीच राहते. अशा वेळी ठरावीक ट्रेस आयडीपुरता, ठरावीक तासांसाठी मजकूर नोंदवण्याची मुभा हवी. तो कोणी उघडला याची वेगळी नोंद ठेवावी आणि मुदत संपताच तो आपोआप पुसला जावा.

कुंपणकार
पासवर्ड, ओटीपी आणि टोकन त्या मुभेतूनही वगळणार असाल, तर माझी हरकत नाही. मात्र मंजुरी आधी मिळाली पाहिजे, आणि ती देणारा माणूस मागणाऱ्याच्या टीममधला नसावा.

रात्रपाळी
रात्री दोन वाजता दुसऱ्या टीममधला माणूस उठेपर्यंत लोकांचे पैसे अडकून राहणार, हे मला मान्य नाही. ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी अडचणी सोडवण्याची जबाबदारी असलेल्याने मुभा घ्यावी आणि सकाळी सुरक्षा टीमने तिची तपासणी करावी, इथपर्यंत मी येऊ शकतो.